पहिल्या संध्याकाळचा ढीग

प्राणी नुकतेच मत द्यायला शिकले होते, त्या काळची गोष्ट. रानाचा अध्यक्ष निवडायला तीन दिवस होते. आपल्या उमेदवाराच्या झाडाखाली एक बी टाकली की झालं मतदान. पहिल्या संध्याकाळी धनेश पक्ष्याच्या झाडाखाली बियांचा ढीग झाला. साळिंदर साळूबाईंच्या झाडाखाली सातच बिया.

“माघार घ्या, साळूबाई,” टिटवी म्हणाली. “निकाल लागल्यात जमा आहे.”

साळूबाई निवांत कंद कुरतडत होत्या. “पाखरं किती उरली गं?”

“सगळी येऊन गेली. उडत यायला वेळ कितीसा लागतो?”

“आणि पायी येणारे किती पोचले?”

“सात,” टिटवी म्हणाली.

मग तिने उंच उडून पाहिलं. चारी वाटांवर धुरळा उठला होता. ती खाली उतरली आणि साळूबाईंच्या झाडाखालचा पाचोळा मुकाट्याने बाजूला सारू लागली.