रिकामी वाटी

घाटपांडे सोसायटीचे अध्यक्ष होते, आणि अमेरिकेत राहून आल्यापासून चवीचेही अध्यक्ष झाले होते. खाद्यमेळ्यात त्यांनी मंदाकिनीबाईंचा गुलाबी सॉस चाखला आणि सगळ्यांदेखत नाक मुरडलं.

“फ्राइजच्या सॉसमध्ये केचप आणि मेयोनीज, बस. तिकडे फार तर कुणी काकडीच्या लोणच्याचं आंबट पाणी घालतं. लसणीचा ठेचा? हा सॉस बाद.”

मंदाकिनीबाई एकट्याच राहत. मुलगा परदेशी गेल्यापासून त्यांच्या दाराची बेल फक्त गॅसवाला वाजवी. बोलायची सवयच मोडली होती. पण अध्यक्षांच्या हातातली आपली वाटी त्यांना दिसली. ती चाटूनपुसून लख्ख होती.

“बाद सॉसची वाटी रिकामी कशी झाली, ते विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “पण शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. तुमचा अस्सल सॉस भरून उद्या घरी आणून द्या.”

लोक हसले. अध्यक्षांचा नाइलाज झाला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. अध्यक्ष भरली वाटी घेऊन उभे होते. नुसता सॉस कसा द्यायचा, म्हणून बायकोने सोबत ताटलीभर फ्राइजही दिले होते.

मंदाकिनीबाईंनी ताटली हळूच आत घेतली.

“ही आता मला रिकामी देता यायची नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या न्यायला या.”