शेजारचं विरजण

"पण डिस्क दोन होत्या, बुवा... मग दोन्हींवरून कसं गेलं?"

यशोधन मठाच्या ओट्यावर बसला होता. समोर रेवणनाथबुवा घेवडा निवडत होते.

त्यानं सगळं सांगितलं. घरात त्यानं एक पेटी बसवली होती. फोन, टीव्ही, कॉम्प्युटर, घरातलं सगळं तिला जोडलेलं. आत दोन डिस्क. एकीवर जे होईल ते त्याच क्षणी दुसरीवर. एक बिघडली तरी दुसरी आहेच, या भरवशावर तो होता.

आईनं शेवटच्या वर्षी लहानपणच्या गोष्टी पुन्हा सांगितल्या होत्या. तिचा तो आवाज त्या पेटीतच होता. मागच्या आठवड्यात जागा करायला म्हणून त्यानं जुनं काहीबाही पुसलं. त्यात गोष्टीही गेल्या.

"आणि दुसरीनं काय केलं?"

"तिनंही पुसलं."

"आज्ञाधारक आहे," बुवा म्हणाले.

यशोधन हसला नाही. आता तिसरी प्रत ठेवू का, ती घराबाहेर ठेवू का, की इंटरनेटवर भाड्यानं जागा घेऊ, असं तो बराच वेळ विचारत राहिला. बुवांनी ऐकून घेतलं. ठेव म्हणाले, घराबाहेर ठेव.

मग म्हणाले, "त्या गोष्टी कुणी मागितल्या होत्या?"

यशोधननं घेवड्याची एक शेंग उचलली आणि तिची शीर काढू लागला.

"यशोधन."

"शालननं. माझ्या बहिणीनं."

"मग?"

प्रत दिली की ती कुठंही फिरते, असं तो तिला म्हणाला होता. घरी ये, पेटीतून ऐक. आईच्या वर्षश्राद्धाला ती बार्शीहून आली. घर पाहुण्यांनी भरलेलं. ऐकणं राहून गेलं. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

जेवणाची वेळ झाली. बुवांनी गाडग्यावरचं झाकण काढलं. दह्याला तार सुटली होती. ते त्यांनी झाडाच्या बुंध्याशी ओतलं, यशोधनच्या हाती वाटी दिली आणि समोरच्या कलावतीबाईंकडून विरजण आणायला सांगितलं.

कलावतीबाईंनी चमचाभर दही वाटीत घातलं.

"लाजताय कशाला? बुवांचंच आहे. आमचं नासलं होतं तेव्हा त्यांच्याकडूनच आणलेलं."

तो परत आला. वाटी देऊन तसाच उभा राहिला.

"शालनला अजून सांगितलं नाही... आधी नवी पेटी बसवतो. मग सांगतो."

बुवा विरजण कोमट दुधात ढवळत होते.

"तिला सगळ्या गोष्टी तोंडपाठ होत्या, बुवा. लहानपणी तीच शेवटपर्यंत ऐकायची. मी झोपून जायचो."

"हं."

"आता तिच्याकडे जाऊ तरी काय घेऊन?"

बुवांनी वाटी विसळली, पंच्यानं पुसली आणि रिकामीच त्याच्या हातात ठेवली.

"ही घेऊन जा."