पाटी नसलेलं दुकान

वेबसाईटवरच्या जाहिरातींतून कमाई कशी करावी, हे शिकवायला टिळेकरसर पुण्याहून कोल्हापुरात आले, तेही उशिरा. "मिसळीला रांग फार होती," असं त्यांनी वर कौतुकानं सांगितलं.

मग त्यांनी शेळीपालनावर लिहिणाऱ्या शलाका मगदूमला उभं केलं. तिच्या वेबसाईटच्या नावाच्या शेवटी डॉट इन होतं.

"डॉट कॉम नाही म्हणजे बंगल्याऐवजी पत्र्याची शेड. तिकडे जाहिरातदार फिरकेल कशाला?" सर म्हणाले.

सगळा हॉल हसला. शलाकाचे कान तापले, मान खाली गेली. कुठून इथं आले, असं तिला झालं. पण खाली बसण्याआधी तिनं हळूच विचारलं, "सर, मिसळ कुठं खाल्लीत?"

"तालमीमागच्या बोळात."

"दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"पाटी नाहीच तिथं."

"मग आम्हाला ताटकळत ठेवून तिथंच का थांबलात?"

"अहो, चव..." सर म्हणाले आणि मध्येच थांबले.

मघाशी हसलेल्यांपैकी कुणीच शलाकाच्या नजरेला नजर दिली नाही. सरांनी मान खाली घातली. शर्टावर मिसळीच्या कटाचा तांबडा डाग पडला होता. तो त्यांनी हातानं झाकला.