सगुणीची साक्ष

फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका डोंगराळ राज्यात रावजी नावाचा बुरूड राहत होता. बांबू चिरून तो सुपं, टोपल्या, दुरड्या विणायचा. तुळसा ही त्याची बायको आणि सगुणी त्यांची एकुलती एक लेक. तिचे दुधाचे दात नुकते पडू लागले होते. पोर भारी बडबडी. शेजारणी म्हणायच्या, "हिच्या तोंडाला कुलूप नाही नि पोटात पाप नाही."

नवरा-बायकोचं मात्र पटेना. रावजी हट्टी, तुळसा तापट. चूक कोणाची हे सांगणं कठीण, कारण दोघंही थोडी थोडी चुकत होती. अखेर एके दिवशी तुळसा लेकीचा हात धरून त्याच गावातल्या आपल्या भावाकडे निघून गेली. रावजी फिर्याद घेऊन न्यायाधीशांकडे गेला.

"बायकोला नांदायचं नसेल तर नको नांदू दे," तो म्हणाला. "पण माझी पोर मला द्या."

न्यायाधीश वयोवृद्ध होते, सज्जन होते. मूल आईचं की बापाचं, हे ते विचारत नसत. ते कुठे नीट वाढेल, एवढंच बघत. त्यांनी दोन्ही घरं पाहिली. रावजीचं घर स्वतःचं, सारवलेलं. पोरीला बघायला घरात त्याची म्हातारी आत्या. तुळसाकडे काय, तर भावाच्या माजघराचा एक कोपरा. तो बघून न्यायाधीश निघून गेले.

"पोर जाणार हो तुमची," वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली. "कोपऱ्यात लेकरू ठेवायला कोण देईल?"

त्या दुपारी लेकीची वेणी घालताना तुळसा हळूच म्हणाली, "सगुणे, न्यायाधीश तुला विचारतील, बाबा मारतात का. तू हो म्हण."

"पण बाबा मारत नाहीत."

"तू कोयता हातात घेतलास तेव्हा?"

"तेव्हा नुसते ओरडले. कोयता काढून घेतला नि मग मला पोटाशी धरलं."

"नाही. बांबूच्या कांबीने मारलं होतं. विनाकारण मारलं होतं."

"आई, खोटं बोलू?"

तुळसाचा हात वेणीत थबकला. मग तिने पेड घट्ट ओढला. "खोटं कसं? मी सांगते ना, तसंच झालं होतं. तू लहान होतीस, तुला आठवत नाही. नाहीतर तुला माझ्यापासून तोडतील. चालेल तुला?"

सगुणीने नाही म्हणून मान हलवली. मग रोज वेणी घालताना आई विचारायची आणि लेक उत्तर द्यायची, अडखळेनाशी होईपर्यंत.

निवाड्याच्या दिवशी न्यायाधीशांनी आईबापांना बाहेर थांबवलं. सगुणीला जवळ बसवून त्यांनी मायेने विचारलं, "बाळ, बाबांच्या घरी कसं वाटतं तुला?"

"बाबा मला कांबीने मारतात. विनाकारण मारतात," सगुणी एका दमात म्हणाली.

न्यायाधीश चपापले. 'विनाकारण' हा शब्द एवढ्याशा पोरीच्या तोंडी त्यांना खटकला. पण हे खरं असलं आणि आपण पोरीला तिथे धाडलं तर? त्या भीतीने त्यांनी मनातली शंका मनातच दाबली. पोर आईकडे राहील, बापाने तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असा हुकूम त्यांनी दिला.

रावजी ओरडला नाही, रडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "असं सगुणी म्हणाली?"

त्यानंतर गावात त्याला मान वर करता येईना. लोक त्याच्याकडे बोट दाखवून लेकरांना घरात बोलवायचे. म्हातारी आत्या त्या दुःखाने खचली आणि गेली. तिचं क्रियाकर्म उरकून रावजीने घराला कुलूप लावलं आणि तो नदीपलीकडच्या मुलुखात निघून गेला.

तुळसाला वाटलं, आता सुटले. पण घरात काहीतरी बिनसलं होतं. पोर बोलेनाशी झाली. मामी विचारायची, "सगुणे, भूक लागली का गं?" की ती आईच्या तोंडाकडे बघायची. "आई, काय सांगू?"

एकदा ओट्यावरून पडली. गुडघा फुटला, रक्त वाहू लागलं. तुळसा धावत आली. "कुठे लागलं, बाळा? कुठे दुखतंय?"

सगुणीचे डोळे पाण्याने भरले होते. तरी तिने विचारलं, "आई, कुठे दुखतंय म्हणून सांगू?"

पोरीचा गुडघा बांधून झाल्यावर तुळसा तशीच न्यायाधीशांकडे गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, प्रश्न मी तिला विचारला होता. उत्तर मात्र तुझं ऐकलं. मला ते तेव्हाच खटकलं होतं, तरी मी पुढे विचारलं नाही. तुझ्याइतकाच मीही दोषी आहे."

त्यांनी माणसं पाठवून रावजीचा शोध घेतला. तो आला तेव्हा त्याचे केस पिकले होते. लेकीला पाहून तो पुढे झाला, पण सगुणी आईच्या मागे सरकली. रावजी होता तिथेच थांबला.

"बाळ," न्यायाधीश म्हणाले, "आता कोणी रागावणार नाही. बाबांनी तुला कधी मारलं होतं का?"

सगुणीने आईकडे पाहिलं. "काय सांगू?"

"खरं ते सांग गं," तुळसा हुंदके देत म्हणाली. "जे झालं ते सांग."

पोर गोंधळली. एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "खरं काय ते तूच सांग ना, आई. मला आठवत नाही."

जुना हुकूम न्यायाधीशांनी फिरवला, आणि रावजीने आपल्या घराचं कुलूप काढलं. सगुणी दोन्ही घरी जाऊ-येऊ लागली, आणि आईबाप पुन्हा कधी भांडले नाहीत. पण ती बडबडी पोर कोणत्याच घरी परत आली नाही. मोठी झाल्यावरही कोणी काही विचारलं, की ती आधी समोरच्याचा चेहरा वाचायची आणि त्याला हवं ते उत्तर द्यायची.

तात्पर्य: आपलं भांडण जिंकण्यासाठी जो लेकराच्या तोंडी आपले शब्द घालतो, त्याला लेकरू मिळतं, पण त्या लेकराचं मन कायमचं हरवतं.