डाव्या हाताचा सांधा

एकदा आमच्या शेजारच्या गॅरेजात ताडपत्रीखाली झाकलेली एक परदेशी गाडी आली, आणि एका गुणी माणसाला तिने त्याच्याच गुणाच्या तावडीतून सोडवले. ती हकीकत सांगते.

गडहिंग्लजला आमच्या घराला लागून बाबालाल चाचांचे गॅरेज आहे. अपघातात चेपलेला पत्रा सरळ करायचा आणि त्यावर रंग द्यायचा, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, बोलणे मोजके. त्यांचा शिष्य सुकुमार मगदूम. शिष्य म्हटले तरी तो पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. बारा वर्षे त्याने चाचांच्या हाताखाली काढली आणि असा तयार झाला की ठोकून सरळ केलेला पत्रा कुठला आणि नवा कुठला, हे सांगता येऊ नये. आमच्यामधली भिंत कमरेएवढीच. त्यामुळे तिकडचे मला दिसते आणि ऐकूही येते. न ऐकण्याचा प्रयत्न मी कधी केलेला नाही.

गाडी होती मिरचीचे व्यापारी ईराप्पाशेट यांची. त्यांच्या वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी आणलेली अमेरिकन गाडी: दोनच दारे, पलंगाएवढे लांब बॉनेट आणि त्याखाली आठ सिलिंडरचे दांडगे इंजिन. सुरू झाली की आमच्या फडताळातल्या कपबशा वाजत. वडील गेल्यावर ती वखारीत मिरचीच्या पोत्यांआड पडून राहिली. मूळचा लाल रंग तीनदा बदलला गेला, मडगार्ड चेपले, दाराखाली गंज चढला.

शेट म्हणाले, "चाचा, इंजिनाचं कोल्हापुरात झालं. पत्रा आणि रंग तुमच्याकडं. कारखान्यातनं निघाली त्या दिवशी जशी होती तशी पाहिजे. कमी नको, जास्त नको. पुण्याला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. मूळ रूपातल्या गाड्यांच्या रांगेत आमच्या अप्पांची गाडी उभी करायची आहे मला."

चाचांनी सुकुमारकडे बोट केले. "ही गाडी याच्या एकट्याच्या हातची. मी बसून बघणार." मग सुकुमारला म्हणाले, "हे काम बरोबर उतरलं तर दसऱ्यापासून गॅरेज तुझं. मी चहा प्यायला येत जाईन. नाही उतरलं, तर अजून थोडं थांबू."

त्या दिवसापासून सुकुमारच्या चालण्यात फरक पडला. बारा वर्षे तो याच शब्दाची वाट पाहत होता.

चाचांनी एकच सूचना दिली: खरवडायच्या आधी बघ, आणि बघितलेलं वहीत लिही. सुकुमारने आठ दिवस वही धरली. मग मात्र त्याच्या हातांना धीर निघेना. तीन थरांचा रंग त्याने उतरवला, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, मडगार्डचा पोचा आतून ठोकून असा काढला की तिथे कधी काही लागले होते हे मडगार्डही विसरले असेल. दार आणि चौकट यांच्यातली फट तो घडी घातलेले पोस्टकार्ड सरकवून तपासी. वरपासून खालपर्यंत सारखी झाल्याखेरीज जेवायला जात नसे. सकाळी आठला जो वाकायचा तो उन्हे कलेपर्यंत. अडीच महिने हे चालले.

गाडी तयार झाली तेव्हा मी भिंतीपलीकडून पाहिले. लाल रंगात माझी कपड्यांची दोरी स्पष्ट दिसत होती, अगदी चिमट्यांसकट. रस्त्याने जाणारे लोक थांबून फोटो काढू लागले. ईराप्पाशेट आले, गाडीभोवती फिरले आणि त्यांनी सुकुमारचे दोन्ही हात हातात घेतले. "मगदूम, आरसा केलास रे आरसा!"

चाचा खुर्चीतून उठले. काठी टेकत त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर तळहात फिरवला. दार उघडले, लावले, पुन्हा उघडले. "या हाताला तोड नाही," ते म्हणाले. सुकुमारचा चेहरा उजळला.

मग चाचांनी डिकी उघडली, खिशातून पत्रा खरवडायची पट्टी काढली आणि डिकीच्या तळाशी, दोन पत्र्यांच्या सांध्यात भरलेला मसाला खरवडून काढायला सुरुवात केली. पाणी आत येऊ नये म्हणून तिथे जाड लगदा भरतात. सुकुमारने तो रांगोळीच्या रेघेसारखा सरळ भरला होता. चाचांनी तो टोकापासून टोकापर्यंत उखडला.

"अवो चाचा!" ईराप्पाशेट ओरडले. "चांगलं झालेलं कशाला नासवता?"

चाचांनी खांद्यावरचा पंचा काढला, सुकुमारचा उजवा हात त्याच्याच कमरेला बांधला आणि डाव्या हातात मसाल्याच्या बादलीतला ब्रश दिला. "आता भर."

सुकुमारला क्षणभर वाटले, थट्टा आहे. मग त्याच्या लक्षात आले की नाही.

"डाव्या हातानं?"

"डाव्या हातानं. आणि लवकर. तुला एका मिनिटाच्या वर वेळ नाही."

"चाचा, गॅरेज द्यायचं मनात नसेल तर सरळ सांगा की. मी काय भांडणार आहे का? हे असं चार लोकांत माकड कशाला करता माझं?"

"भर म्हटलं ना."

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, ब्रश त्याच्या तोंडावर मारला असता!"

"माहीत आहे. म्हणून तर मी सांगतोय. भर."

दातओठ खात सुकुमार वाकला आणि डाव्या हाताने त्याने तो सांधा भरला. उजवीकडून सुरुवात झाली ती जाड थराने. डावीकडे जाता जाता थर पातळ होत गेला, मध्ये दोनदा ब्रश उचलला गेला, शेवटी एक शेपटी राहिली. ब्रश बादलीत टाकून तो बाजूला झाला. "घ्या. झालं समाधान?"

चाचांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला पातळ कागद काढला. खालचे आरपार दिसते ना, तसला. सुकुमारने जुना सांधा खरवडण्याआधी त्यांनी स्वतः त्याच्यावर हा कागद ठेवून ब्रशच्या खुणा गिरवून घेतल्या होत्या. तो त्यांनी नव्या मसाल्यावर, न चिकटेल एवढ्या अंतरावर धरला. उजवीकडे जाड, डावीकडे पातळ. मध्ये उचललेला ब्रश. शेवटी शेपटी. अगदी हुबेहूब नव्हे, पण ओळखू यावे इतके सारखे.

शेटही वाकून पाहू लागले. मीही भिंतीवर जरा जास्तच ओणवले.

चाचा मग शांतपणे बोलू लागले.

"सुकुमार, ही गाडी जिथं तयार झाली तिथं या सांध्यापाशी एक डावखुरा माणूस उभा होता. त्याचं नाव मला ठाऊक नाही. गाड्यांची रांग पुढं सरकत असायची, ती कुणासाठी थांबत नव्हती. एक सांधा भरला की दुसरी गाडी समोर. ब्रश बुडवला की उजवीकडून सुरू, डावीकडं संपव, पुढं. त्याचा हात या गाडीत पन्नास वर्षं शिल्लक होता. तू तो पुसलास आणि तिथं तुझा हात ठेवलास. तुझा हात त्याच्यापेक्षा चांगला आहे, यात वाद नाही. पण शेटनी तुझा हात मागितला नव्हता."

"पण चाचा," सुकुमार म्हणाला, आवाजातला राग उतरला होता, हट्ट उतरला नव्हता, "त्याचं काम वेडंवाकडं होतं. ते तसंच ठेवायचं म्हणजे वाईट काम शिकायचं का?"

"सांध्याखालचा पत्रा तूच उघडा केलास. गंज होता?"

सुकुमारने आठवून पाहिले. "नव्हता."

"पन्नास पावसाळ्यांत एक थेंब आत गेला नाही. मग वाईट कसं? तुला वाकडं दिसलं, एवढंच." चाचांनी सुकुमारची वही मागवली आणि पहिले पान उघडले. वर ठळक अक्षरात लिहिले होते, 'दोष', आणि खाली बावीस नोंदी. "गंज इथं लिहिलास. डाव्या दाराची फट मागच्या बाजूला जास्त, तेही इथंच लिहिलंस. आतल्या बाजूच्या मूळ रंगावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणा, तोही दोष. अरे, गंज काळानं केला. पोचा कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं केला. पण ती फट आणि तो दाणा गाडी करणाऱ्यांच्या हातचे आहेत. काळानं केलेलं काढायचं, हातानं केलेलं ठेवायचं. तुला काम सुंदर करता येतं, हे मला दहा वर्षांपूर्वीच कळलं. दुसऱ्याच्या कामापुढं स्वतःला आवरता येतं का, तेवढंच बघायचं राहिलं होतं."

सुकुमारचा हात अजून कमरेला बांधलेलाच होता, त्याला सोडायचे भान नव्हते. तो गाडीकडे पाहत होता. त्या अडीच महिन्यांत प्रथमच तो स्वतःला वगळून तिच्याकडे पाहत असावा. आपणच केलेले काम असे परक्याच्या नजरेने पाहणे फार अवघड असते, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते.

मग तो सावकाश बोलू लागला, जणू स्वतःशीच. "दार परत सैल करायला लागेल. मागची फट जास्त ठेवायची. रंगाचा वरचा हात पुन्हा मारायचा, आणि मारला की घासायचा नाही. दाणा राहू द्यायचा."

"बॉनेटच्या आत रंगाचा एक ओघळ होता," चाचा म्हणाले.

"तो त्यांच्या हातचा. ठेवायचा."

"तो तर तू घासून टाकलास."

"माझ्याकडं त्याचा फोटो आहे. परत सोडतो."

"दाराखाली जो नवा पत्रा जोडलास?"

सुकुमार थांबला. इथे चाचा कदाचित त्याला चकवत होते. "तो राहील," तो म्हणाला. "तिथं त्यांचं काही उरलंच नव्हतं. गंजानं सगळं खाल्लं होतं. मात्र कडेला वेल्डिंगचे ठिपके मी सारख्या अंतरावर मारले आहेत. उजवीकडचा जुना पत्रा बघून त्यांच्यासारखे मारतो."

चाचांनी पुढे विचारले नाही. त्यांनी पंच्याची गाठ सोडली, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि भिंतीला टेकलेली काठी घेतली.

ईराप्पाशेट मघापासून चुळबुळत होते. आरसा जाणार, हे त्यांना कळले होते, आणि आपण नेमके काय मागितले होते हेही बहुधा आत्ताच कळले होते. तरी व्यापारी माणूस. त्यांनी घसा खाकरला.

"ते सगळं बरोबर आहे, चाचा. पण मेळावा तोंडावर आलाय. गाडी मला मिळणार कधी?"

चाचा दारापर्यंत पोचले होते. वळूनही न पाहता ते म्हणाले, "मला काय विचारता, शेट? मालकांना विचारा."

शेटनी सुकुमारकडे पाहिले. सुकुमारने आधी मागे पाहिले, मालक म्हणजे कोण ते पाहायला. मग त्याने शर्टाची बाही वर केली.

"तीन आठवडे," तो म्हणाला. "आणि शेट, मधे बघायला येऊ नका. तुम्हाला वाटेल, बिघडवतोय."