गाडी डावीकडे वळते तेव्हा

एकदा एक सुपारीचा व्यापारी आपल्या मोटारीवर इतका रुसला, की तिला गॅरेजच्या दारात उभी करून तो तिच्याकडे पाठ फिरवून बाकावर बसला. गाव घाटाखालचं, बाजारपेठेचं. व्यापाऱ्याचं नाव रेडीजशेठ. मागच्या आठवड्यातच त्यांनी ही गाडी याच गॅरेजातून दुरुस्त करून नेली होती आणि तिचा आवाज होता तसाच होता.

गॅरेज आबा मिस्त्रींचं. आबा वयोवृद्ध आणि मितभाषी. गाडीपेक्षा गाडीवाल्याकडे अधिक वेळ बघत बसण्याची त्यांना सवय होती. ती दुरुस्ती मात्र त्यांनी केलेली नव्हती. त्यांचा शिष्य जयवंत याने केली होती. पुढच्या चाकांचं काम आबांनी नुकतंच त्याच्यावर सोपवलं होतं, आणि शेठजींची गाडी हे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं पहिलं काम. त्यामुळे शेठजींची ती पाठ पाहताच जयवंत हातातला पाना खाली ठेवून पुढे आला.

"आवाज गेला नाही का, शेठ?" त्याने चाचरत विचारलं.

"जातोय कुठला! तुझ्या हातचं खाऊन चांगला बाळसेदार झालाय. गाडी डावीकडे वळवली, की पुढून घूंऽऽऽ!"

"घूं नाही हो," गाडीच्या मागच्या सीटवरून शेठजींच्या पत्नी सुमित्राबाई म्हणाल्या. "हूंऽऽऽ असा येतो. सासूबाई रागावल्या की करायच्या ना, तसा."

"माझ्या आईला गाडीत आणू नकोस."

"मी कुठे आणतेय? आवाज आणतोय."

"आणि उजवीकडे वळताना?" आबांनी विचारलं.

"उजवीकडे गरीब गाय," शेठ म्हणाले. "हूं नाही की चूं नाही."

जयवंतने मान खाली घातली. हे सगळं त्याने गेल्या खेपेलाही ऐकलं होतं. आवाज डावीकडे वळताना येतो, अर्थात दुखणं डाव्या चाकाचं, असा निकाल शेठजींनी तेव्हाच दिला होता. समोरच्या पानवाल्याने त्याला दुजोरा दिला होता, आणि एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी गंभीरपणे मान डोलावली होती. इतक्या साक्षी एकमुखाने पडल्यावर जयवंतने डाव्या चाकाचं बेरिंग बदललं आणि गाडी दिली. चक्कर मारून पाहण्याचंही त्याला सुचलं नव्हतं.

"हे बघ जयवंता," शेठजींचा स्वर आता खाली आला. "उद्या वरच्या गावाहून लेकीला माहेरी आणायचीय. सातवा महिना लागलाय तिला. घाट उतरताना हे चाक मध्येच अडकलं, तर?"

या प्रश्नानंतर घूं आणि हूं दोन्ही थांबले. जयवंतला घाटातली ती वळणं दिसली, एका बाजूची दरी दिसली.

"त्यात परवा तिचं डोहाळजेवण," शेठ पुढे म्हणाले. "अख्खी पेठ बोलावलीय मी!"

"मला न विचारता," सुमित्राबाई म्हणाल्या.

"ऐका, मिस्त्री. बोलावलं मी, हौस माझी, लेक माझी, आणि त्या दिवसापासून कुरकुर मात्र हिची! घरात एक आवाज, गाडीत एक आवाज. माणसानं जायचं कुठं?"

आबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. जयवंत त्यांच्याजवळ सरकला.

"आबा, सगळंच बदलून टाकतो," तो हळूच म्हणाला. "उजवं बेरिंग, दोन्हीकडचे सांधे, स्टेअरिंगचं जे काही असेल ते. लेकीबाळींचा प्रवास आहे. धोका नको."

"सगळं बदललंस तर आवाज जाईल," आबा म्हणाले. "पण काय गेल्यामुळे गेला, ते तुला कळायचं नाही. मग पुढची गाडी आली की तिचंही सगळं बदलणार? जॅक लाव. पुढची दोन्ही चाकं उचल."

सुमित्राबाई खाली उतरल्यावर जयवंतने गाडी उचलली, खाली टेकू दिले. तेवढ्यात आबा आत गेले आणि औषधाच्या पेटीतून कापूस घेऊन आले. त्याचे दोन बोळे करून त्यांनी शिष्याच्या तळहातावर ठेवले.

"कानात घाल."

जयवंतला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली. "आबा, आवाज शोधायचाय ना?"

"म्हणूनच सांगतोय. घट्ट घाल."

गुरूची आज्ञा! जयवंतने बोळे दाबून बसवले आणि पाहता पाहता जग दूर गेलं. पेठेतल्या हातगाड्या मुक्या झाल्या. समोर शेठजींचे ओठ मात्र भराभरा हलत होते. त्यांनी डाव्या चाकाकडे बोट दाखवलं, मग आकाशाकडे, मग पुन्हा चाकाकडे. गाल फुगवून त्यांनी जो काही आवाज काढून दाखवला, तो बहुधा 'घूं' असावा. पण नुसता चेहरा पाहणाऱ्याला शेठ गरम चहा फुंकताहेत असंच वाटलं असतं. पानवाला रस्ता ओलांडून आला आणि त्यानेही आपले ओठ हलवायला सुरुवात केली. जयवंतने एरवी दोघांचंही ऐकून घेतलं असतं आणि दोघांनाही हो म्हटलं असतं. आज त्याने दोघांनाही नमस्कार केला आणि तो डाव्या चाकापाशी उकिडवा बसला.

आबांनी त्याचा डावा हात धरून चाकामागच्या जाड स्प्रिंगवर ठेवला आणि उजव्या हाताने चाक फिरवायची खूण केली. जयवंतने चाक फिरवलं. स्प्रिंग शांत होती. धुतलेल्या रेशमावरून बोटं फिरावीत, तसं चाक गुळगुळीत फिरत राहिलं.

मग तो उजव्या चाकाकडे गेला. तिथल्या स्प्रिंगवर हात ठेवून त्याने चाकाला गती दिली मात्र, आणि बोटांना काहीतरी लागलं. बारीक खरखर. जात्यात दाण्यांबरोबर खडे भरडले जावेत, तशी. त्याने चाक थांबवलं. खरखर थांबली. पुन्हा फिरवलं, पुन्हा आली. त्याने डोळे मिटून घेतले आणि कितीतरी वेळ तो तसाच बसून राहिला. शेवटी त्याने कानांतले बोळे काढले.

"...म्हणून मी ठामपणे सांगतो, डावंच!" शेठजींचं वाक्य संपत होतं.

"उजवं आहे, शेठ," जयवंत म्हणाला.

"पण वळते ती डावीकडे!"

जयवंतच्या हाताला कळलं होतं, बुद्धीला अजून कळायचं होतं. त्याने आबांकडे पाहिलं.

"शेठ, एस.टी.नं घाट चढलाय ना कधी?" आबांनी विचारलं. "गाडी डावीकडे वळते, तेव्हा माणसं कुठल्या बाजूला कलंडतात?"

"उजवीकडे," शेठ म्हणाले. "उजव्या खिडकीशी बसलेल्याची पार चटणी होते."

"आणि ओरडतो कोण?"

"तोच. दुसरा कोण ओरडणार?"

"तसंच हे. गाडी वळते एकीकडे, तिचा भार पडतो दुसरीकडे. ज्याच्यावर भार पडतो, ते चाक बोलतं. तुम्ही खोटं सांगत नव्हता, शेठ. आवाज डावीकडे वळतानाच येतो, हे अगदी खरं. तुम्ही ऐकलंत ते बरोबर, काढलात तो निष्कर्ष चुकला." मग ते शिष्याकडे वळले. "आणि जयवंता, आवाज एका जागी बसून राहत नाही. पत्र्यातून सगळ्या गाडीभर हिंडतो. त्यात कान भोळा. कुणी दहा वेळा 'डावं, डावं' म्हटलं, की त्यालाही डावंच ऐकू येतं. हाताला असं कुणी पटवू शकत नाही. म्हणून आज तुझे कान थोडा वेळ बंद ठेवले, इतकंच."

पानवाल्याला एकाएकी आपल्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. सुमित्राबाई म्हणाल्या, "मिस्त्री, तो उरलेला कापूस मला द्याल का? घरी न्यायला."

यावर शेठ काहीतरी फर्मास उत्तर देतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु शेठ चाकाकडे बघत बसले होते.

जयवंतने उजवं बेरिंग काढलं. हातात घेऊन फिरवलं तर ते आत झिजून खडबडीत झालेलं. नवं बसवून त्याने चाक पुन्हा हाताने फिरवून पाहिलं, आणि मग कुणी न सांगताच तो म्हणाला, "चला शेठ, आधी चक्कर मारू. वहिनी, तुम्हीही चला."

बाजाराच्या मैदानाला त्याने डावीकडे वळत वळत फेरी मारली. पहिल्या वळणाला त्याने श्वास रोखून धरला. दुसऱ्या वळणाला सोडला. गाडी मुकाट्याने वळत होती. आता कौतुक होणार, किंवा निदान घूं-हूंचा वाद तरी पुन्हा पेटणार, म्हणून तो वाट पाहू लागला. पण मागच्या सीटवरही सामसूम होती.

मग शेठ खाकरले. "अगं, डोहाळजेवणाचा स्वयंपाक... एकटीच्यानं झेपणार आहे का तुला?"

जयवंतला आरशात दिसलं, सुमित्राबाई नवऱ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तशा पाहत होत्या.

"आज विचारताय!"

"आजच कळलं."

"माणसं येऊ देत," त्या म्हणाल्या. "लेकीचं पहिलंच आहे. हौस मला का नाही? पण आचारी सांगा. आणि भांड्यांना बाई."

"सांगतो. दोघंही सांगतो."

"आणि पाटपाणी तुम्ही बघायचं."

"मी?" शेठ दचकले. मग म्हणाले, "बघतो."

गॅरेजकडे जायचा फाटा आला होता. जयवंतने तो सोडून दिला आणि मैदानाला आणखी एक फेरी घातली. गाडीसाठी तिची काही गरज नव्हती. मागे दोघं हळू आवाजात पंगतीच्या मेनूवर बोलत होती, जिलबी की श्रीखंड यावर मतभेद होता, आणि ते बोलणं इतक्यात तोडावंसं त्याला वाटेना.

आपल्या घरातून किंवा कचेरीतून कुरकुर ऐकू आली, तर सुज्ञाने आधी एवढंच पाहावं: वळण कुणी घेतलं, आणि भार कुणावर पडला.