एका हाकेवरचा हक्क

मुलांनो, ओढ्याकाठच्या एका अरण्यात एक खार राहत असे. अरण्याचा बाजार ओढ्यापलीकडे भरे. म्हाताऱ्या साळिंदराला आणि पाय दुखावलेल्या हरिणीला तिथवर जाणे जमत नसे. खारीने युक्ती काढली. कोणाला काय लागते ते तिने नीट ध्यानात ठेवले. मग घरबसल्या एकच हाक द्यायची, की खार फांद्यांवरून धावत माल दारात आणून देई. साळिंदराला कंद मिळू लागले, हरिणीला जखमेवरचा पाला. तिचे पाहून माकडही वेलीला टोपली बांधून माल पोचवण्याच्या खटपटीला लागले.

एके सकाळी कोल्हा खारीच्या दारात उभा राहिला. त्याने जन्मात कोणाला साधे बोरही नेऊन दिले नव्हते; पण त्याच्या हातात सिंहमहाराजांच्या शिक्क्याचे, कल्पनेवर हक्क देणारे पान होते. "एका हाकेत माल मागवण्याची कल्पना माझी आहे. निम्मा माल माझ्या गुहेत टाक, नाहीतर हे काम बंद कर!"

"अरे, तू कधी कोणाच्या दारी माल घेऊन गेलास का?" खार संतापली.

"जायचं कशाला? पान माझ्याकडे आहे ना!"

खारीने दरबारात दाद मागितली. सिंह जांभई देत म्हणाला, "निकाल लागेपर्यंत हाकेवर माल देणे बंद." तारखांवर तारखा पडत राहिल्या. दोन पावसाळे सरले. पाल्यावाचून हरिणीची जखम चिघळली आणि एक दिवस ती गेली. माकडाने आपली टोपली मोडून टाकली. "आपण डोकं चालवायचं आणि कोल्ह्याने पान नाचवायचं! नकोच ते!"

शेवटी हे सारे पाहणाऱ्या एका टिटवीला राहवले नाही. भर दरबारात ती कडाडली, "महाराज, अंड्यातून निघालेलं पिल्लू एका हाकेत चारा मागतं. त्याच्या आईनेही कोल्ह्याची परवानगी घ्यायची का?"

सिंह खजील झाला. त्याने पान टराटरा फाडले. "जा खारूताई, तू मोकळी आहेस."

खारीने मान लववली नाही. "मोकळी मी आधीही होते, महाराज. शिक्का मारण्याआधी आपण एकदा विचारलं असतंत, की हे काम खरंच कोण करतं, तर हरिणी आज जिवंत असती." सिंहाला मान वर करून तिच्याकडे बघवेना.

तात्पर्य : स्वतः काही न करता कल्पनेवर हक्क सांगून दुसऱ्याचे हात बांधणारा चोरच असतो; आणि न तपासता त्याला शिक्का देणारा त्या चोरीत सामील असतो.